खेड्यातील मंडळीत यहूदीद्वेष आणि भूमीची हानी यांवर अभ्यासवर्ग कसा घ्यावा

हे मार्गदर्शन विदर्भातील खेड्यापाड्यांत सेवा करणारे पाळक, मंडळीचे वडील आणि संडे स्कूल चालवणाऱ्या भगिनी यांच्यासाठी आहे. हे दोन विषय एकाच वर्गात का घ्यायचे, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारला जाईल, म्हणून त्याचे उत्तर आधी तयार ठेवावे. ज्या शास्त्राने शेताचा कोपरा गरिबांसाठी सोडायला सांगितले, बैलाला सातव्या दिवशी विसावा दिला आणि जमीन कायमची विकता येणार नाही असे बजावले, ते शास्त्र यहूदी लोकांच्या हातून आपल्यापर्यंत आले. त्या लोकांविषयी तुच्छता शिकवत असतानाच मंडळीने त्यांचे हे नियमही रद्द झालेले म्हणून बाजूला टाकले, आणि माती, पाणी, जनावरे यांच्याविषयी देवासमोर बोलण्याची आपली स्वतःची भाषा ती गमावून बसली. एक चूक दुरुस्त करायला बसलो की दुसरी समोर येते. म्हणून वर्ग एकच असावा.

या उत्तरामागचा इतिहास थोडक्यात सांगावा. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या शिक्षकाने असे शिकवले की हे भौतिक जग घडवणारा आणि इस्राएलाला नियमशास्त्र देणारा देव कनिष्ठ असून येशूचा पिता त्याहून वेगळा आणि श्रेष्ठ आहे. त्याने जुना करार संपूर्ण नाकारला आणि लूकचे शुभवर्तमान व पौलाची पत्रे काटछाट करून आपले स्वतंत्र शास्त्र बनवले. इ.स. 144 च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले. यहूद्यांच्या शास्त्राचा नकार आणि मातीच्या जगाविषयीची तुच्छता त्याच्याकडे एकाच विचारातून आली होती, हे वर्गात ठळकपणे मांडावे. मंडळीने मार्सियनला नाकारले, तरी ‘आमचे ते आत्मिक, त्यांचे ते दैहिक’ ही सवय उपदेशांतून टिकून राहिली. आपण या जगाचे नाही असे म्हणून विहिरीच्या आटलेल्या पाण्याचा प्रश्न बाजूला सारणारा उपदेशक त्याच उपदेशात परूश्यांना, म्हणजे येशूच्या काळातील एका यहूदी पंथाला, ढोंगाचे दुसरे नाव म्हणून वापरतो, तेव्हा ती सवयच बोलत असते.

वर्गाचे दोन भाग करावेत. पहिला भाग उपवासकाळात, म्हणजे लेंटमध्ये घ्यावा. त्या सुमारास कापसाची वेचणी बहुतेक आटोपलेली असते, गहू-हरभऱ्याची कामे दिवसा चालतात आणि संध्याकाळी माणसे मोकळी असतात. शिवाय या भागाचे खरे काम उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आधीच व्हायला हवे. दुसरा भाग सप्टेंबरमध्ये घ्यावा. 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा काळ जगभरातील अनेक मंडळ्या सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ म्हणून पाळतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे कपाशीवर फवारणी जोरात असते.

दुःखसहनाची कथा

आपल्या बहुतेक खेड्यांत कोणी यहूदी माणूस पाहिलेला नसतो. यहूदी कोण हे लोक येशूच्या दुःखसहनाच्या वाचनातून, नाटकातून आणि मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांतून शिकतात, त्यामुळे पाळकाचे प्रत्येक वाक्य येथे शहरातल्यापेक्षा अधिक वजनाचे ठरते. सुरुवात साध्या गोष्टीने करावी: येशू यहूदी होता, मरिया यहूदी होती, बारा शिष्य आणि पौल यहूदी होते. हे सर्वांना माहीत असते, पण सलग म्हटले गेलेले नसते. त्यानंतर वधस्तंभ ही रोमी शिक्षा होती आणि ती देण्याचा अधिकार इ.स. 26 ते 36 या काळात यहूदियावर अंमल चालवणाऱ्या पंतय पिलाताकडे होता, हे सांगावे. विश्वासांगीकारात आपण पिलाताचेच नाव घेतो, हे लोकांच्या लगेच लक्षात येते.

मत्तय 27:25 मधील ‘त्याचे रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर’ हे वचन टाळू नये. एका अंगणात जमलेल्या जमावाच्या तोंडचे हे शब्द पुढे सर्व देशांतल्या, सर्व पिढ्यांतल्या यहूद्यांवर लादले गेले. त्याच दिवशी येशूमागे चालणारा मोठा लोकसमुदाय आणि त्याच्यासाठी ऊर बडवून शोक करणाऱ्या स्त्रियाही यहूदीच होत्या, हे लूक 23:27 मधून वाचून दाखवावे. परूश्यांपैकी काहींनी हेरोदापासून सावध राहण्याचा इशारा येशूला दिला होता (लूक 13:31), आणि गमलियेल या परूशी गुरूने प्रेषितांची बाजू राखली होती (प्रेषितांची कृत्ये 5:34). योहानाच्या शुभवर्तमानाचे वाचन करण्यापूर्वी वाचकाने दोन वाक्यांत स्पष्ट करावे की हा एका यहूदी समाजातील आपसातला तीव्र वाद आहे आणि येथे रोख बहुतेक वेळा यरुशलेमेतील अधिकाऱ्यांवर आहे. नाटक बसवत असाल, तर यहूद्यांना वेगळ्या, भेसूर वेशात दाखवू नये, आणि दगड हातात घेतलेला जमाव मुलांकडून तर मुळीच करवून घेऊ नये.

जन्मावरून दोष ही गोष्ट विदर्भातील श्रोत्याला समजावून सांगावी लागत नाही. 1871 मध्ये सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारध्यांसह अनेक समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. कायदा 1952 मध्ये गेला, तरी चोरी झाली की गावाची नजर अजून पारध्यांच्या बेड्याकडेच, म्हणजे वस्तीकडेच, वळते. आपल्या मंडळ्यांतील अनेक घरांनी जातीच्या नावाने हेच सोसले आहे. त्यांच्यासमोर हा विषय मांडताना उपदेशकाने नम्र राहावे, कारण या बाबतीत त्यांची जाण पुस्तकी नाही.

मंडळीच्या पापाचा इतिहास एका बैठकीत, न लपवता सांगावा. सार्दीसच्या मेलितोने दुसऱ्या शतकातच इस्राएलावर देवहत्येचा आरोप केला. योहान क्रिसोस्तोमने 386-387 मध्ये अंत्युखियात यहूद्यांविरुद्ध जहरी उपदेश दिले. मार्टिन लूथरने 1543 मध्ये सभास्थाने जाळावीत आणि यहूद्यांची घरे पाडावीत असे लिहिले. लूथरचे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाते, म्हणून हे सांगताना आवाज खाली जातो. तो जाऊ देऊ नये. जर्मनीत 1939 मध्ये आयसनाख येथे ख्रिस्ती जीवनातून यहूदी प्रभाव पुसून टाकण्यासाठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी एक संस्थाच उघडली. साठ लाख यहूद्यांचा संहार झाला तो शतकानुशतके अशी शिकवण मिळालेल्या खंडात.

पश्चात्तापाचाही इतिहास आहे. 1947 मध्ये स्वित्झर्लंडमधील झेलिसबर्ग येथे ख्रिस्ती आणि यहूदी प्रतिनिधी एकत्र बसले आणि ख्रिस्ती शिकवणीसाठी दहा मुद्दे ठरले. ज्यूल इझाक या फ्रेंच यहूदी इतिहासकाराची पत्नी आणि मुलगी संहारात बळी पडल्या होत्या. 1960 मध्ये तो पोप तेविसावे योहान यांना भेटला, आणि 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने येशूच्या मृत्यूचा दोष सर्व यहूद्यांवर ठेवता येत नाही असे जाहीर केले. प्रॉटेस्टंट मंडळीने हे कॅथलिकांचे म्हणून सोडून देऊ नये. या बैठकीचे शास्त्रपठण रोमकरांस पत्राचा 11 वा अध्याय असावे. जैतुनाच्या झाडावर कलम केलेल्या रानटी फांदीने मूळच्या फांद्यांविरुद्ध फुशारकी मारू नये हा पौलाचा इशारा अन्य राष्ट्रांतून आलेल्या विश्वासणाऱ्यांना, म्हणजे आपल्याला आहे.

सावकाराचा प्रश्न

हा प्रश्न कोणीतरी काढतोच: यहूदी म्हणजे व्याजाचे लोक ना? ज्या भागात कर्जापायी घरे उद्ध्वस्त झाली आहेत, तेथे या एका वाक्याने सगळा वर्ग वाया जाऊ शकतो, म्हणून त्यासाठी पूर्ण संध्याकाळ राखावी. मध्ययुगीन युरोपात बऱ्याच ठिकाणी यहूद्यांना जमीन धारण करता येत नसे आणि कारागिरांच्या संघांत प्रवेश नसे. दुसरीकडे ख्रिस्ती माणसाने व्याज घेण्यावर मंडळीची बंदी होती, जी 1179 च्या परिषदेने अधिक कडक केली. राजांनी काही यहूद्यांना सावकारीकडे ढकलले, त्यांच्याकडून जबर कर वसूल केले आणि गरज संपली तेव्हा हाकलून दिले. इंग्लंडने 1290 मध्ये सगळ्यांनाच घालवले. सावकारी करणारे ख्रिस्तीही होते, पण नाव चिकटले ते यहूद्यांना.

यापुढे जाऊन अनुवाद 15 वाचावा. दर सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यावे, आणि ते वर्ष जवळ आले म्हणून गरजवंताला कर्ज नाकारू नये, असे तेथे सांगितले आहे. प्रत्यक्षात धनको हात आखडता घेऊ लागले, तेव्हा हिल्लेल या गुरूने प्रोझबुल नावाचा दस्तऐवज आणला, ज्यात येणे न्यायसभेच्या स्वाधीन करून गरिबाला कर्ज मिळण्याची वाट खुली ठेवली गेली. 2008, 2017 आणि 2019 च्या कर्जमाफ्या पाहिलेल्या कास्तकाराला ही अडचण ओळखीची वाटेल. हिल्लेलचा उपाय बरोबर की चूक यावर खुशाल वाद घालू द्यावा. आपल्या उपदेशांत मेलेले अक्षर म्हणून हिणवले गेलेले नियमशास्त्र यहूदी लोक कर्जदाराच्या भाकरीचा विचार करत जगत आले, हे त्या वादातूनच लोकांना दिसते.

वावरात

सप्टेंबरच्या भागात प्रथम उत्पत्ती 1:28 घ्यावे. मानवाला पृथ्वीवर सत्ता दिली गेली, म्हणून पर्यावरणाच्या नाशाचे मूळ यहूदी-ख्रिस्ती शिकवणीत आहे, अशी मांडणी लिन व्हाइट या इतिहासकाराच्या 1967 च्या लेखापासून वारंवार केली जाते. ख्रिस्ती लोकांनी त्यातला आपला वाटा मान्य करावा. पण दोष जुन्या कराराच्या, म्हणजे पुन्हा यहूद्यांच्या माथी मारून मोकळे होऊ नये. फलद्रूप व्हा हा आशीर्वाद 1:22 मध्ये मासे आणि पक्षी यांनाही आहे, हिरव्या वनस्पतींचे अन्न 1:30 मध्ये पशूंनाही दिलेले आहे, आणि 2:15 मध्ये माणसाला बागेत ठेवले ते मशागत व राखण करण्यासाठी. मातीचे प्रेमसुद्धा विषारी होऊ शकते, याचीही जाणीव द्यावी: नाझी सरकारच्या 1933 च्या वारसाशेत कायद्याने 1800 पासून वंशात यहूदी पूर्वज नसल्याचे दाखवू शकणाऱ्यालाच ‘शेतकरी’ ठरवले.

मग नियम वाचावेत, आणि शक्य असेल तर धुऱ्यावर बसून वाचावेत. लेवीय 19:9 नुसार शेताचा कोपरा कापायचा नाही आणि सरवा गरिबांना, उपऱ्यांना सोडायचा. उपरी विधवा रूथ बवाजाच्या शेतात गेली ती याच हक्काने. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहूदी नियमसंग्रहाने हा कोपरा किमान साठावा भाग असावा असे ठरवले, आणि त्यात धान्याबरोबर डाळवर्गीय पिकेही धरली. पाच एकर तुरीचा साठावा भाग म्हणजे साडेतीन गुंठ्यांहून थोडा कमी. हा हिशेब फळ्यावर करून दाखवावा. कापूस खाण्याचे पीक नसल्यामुळे त्या नियमात बसत नाही, तेही सांगावे. अनुवाद 22:6 मध्ये पिलांवर बसलेली पक्षीण धरू नये असे आहे, 20:19 मध्ये वेढा घातलेल्या शहराचीही फळझाडे तोडू नयेत असे आहे. निर्गम 20:10 मधील विसावा गुराढोरांनाही आहे. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू न ठेवणाऱ्या गावात हे वचन परके वाटत नाही.

लेवीय 25 मधील सातव्या वर्षाची पडीत सर्वांत अवघड आहे. मक्त्याने वावर करणाऱ्याला किंवा मजुरीने कापूस वेचणाऱ्या बाईला जमीन पडीत ठेवण्याचा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल. इस्राएलमधील यहूदी शेतकऱ्यांनाही हा प्रश्न पडला. 1888-89 मध्ये काही रब्बींनी (यहूदी धर्मगुरूंनी) त्या वर्षापुरती जमीन नाममात्र विकण्याची मुभा दिली, काहींनी ती नाकारली, आणि 2021-22 च्या सातव्या वर्षीही ही चर्चा चालूच होती. आपण त्यांचा नियम जसाचा तसा उचलू नये. ‘जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ उपरे आहात’ (25:23) हे वाक्य मात्र वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या पट्ट्यात खोल खोल जाणाऱ्या बोअरसमोर, चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणींसमोर आणि 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने गेलेल्या वीसहून अधिक जिवांसमोर मोठ्याने वाचावे. त्या मृतांत मजुरी करणारे बरेच होते, आणि हवामानाचा तडाखाही आधी त्यांनाच बसतो, हे विसरू देऊ नये.

दोन आक्षेप येतील. आपल्याकडे यहूदी नाहीत, मग कशाला, असे म्हणणाऱ्यास कोकणातील बेने इस्राएल समाजाविषयी सांगावे. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते शनवार तेली म्हटले गेले. त्यांची आडनावे पेणकर, किहीमकर अशी गावांवरून आली, त्यांची मातृभाषा मराठी, आणि मुंबईतील त्यांचे पहिले सभास्थान 1796 चे. दुसरा आक्षेप आजच्या इस्राएल राज्याविषयी असेल. त्या सरकारच्या कृतीवर टीका करणे आणि पॅलेस्टिनी लोकांच्या, त्यांतील ख्रिस्ती बांधवांच्याही, जिवासाठी आवाज उठवणे हा यहूदीद्वेष नव्हे. त्या कृतीसाठी जगभरच्या यहूद्यांना जबाबदार धरणे हा यहूदीद्वेष आहे. उलट बाजूने, शेवटच्या काळाविषयीच्या भविष्यवाणीच्या तक्त्यात बसवण्यापुरतेच यहूद्यांवर प्रेम करणे यातही त्यांच्याकडे माणूस म्हणून पाहिले जात नाही.

शेवटच्या बैठकीत केवळ झेपतील असे ठराव करावेत. उत्तम शुक्रवारच्या संहितेत कोणती वाक्ये बदलायची, मिशनच्या आवारातील जागेपैकी किती भाग एक हंगाम पडीत ठेवायचा, कोणत्या घरांनी तुरीचा कोपरा सोडायचा आणि सरवा वेचायला कोणाला आधी कळवायचे, फवारणी करणाऱ्या मजुरासाठी हातमोजे, मास्क आणि साबण-पाणी कोण पुरवणार, एवढे पुरे आहे. प्रत्येक ठराव वहीत एका व्यक्तीच्या नावावर लिहावा आणि तूर घरी आल्यानंतरच्या पहिल्या मंडळीसभेत त्याचा हिशेब घ्यावा.