मुलाचा घसा सारखा धरतो? आधी वही काढा

मुलाचा घसा दर महिन्या-दोन महिन्यांनी धरायला लागला की सल्ले देणाऱ्यांची रांग लागते. थंड बंद करा, टॉन्सिल काढून टाका, मागचं औषध उरलंय ना, तेच द्या. यातला शेवटचा सल्ला तर धोक्याचा आहे. दुखणं कशामुळे येतंय आणि किती वेळा, हे कागदावर उतरल्याशिवाय पुढचं काहीच ठरवता येत नाही.

१. तातडी ओळखा. लाळ गळतेय, थुंकीही गिळवत नाही, श्वास घेताना आवाज येतोय, तोंड उघडत नाही किंवा मान आखडलीय, तर घसा बघायच्या फंदात पडू नका. थेट रुग्णालय गाठा.

२. दुखणं कमी करा. डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिलेलं पॅरासिटामॉल आणि घोटघोट पाणी. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही, आणि 1 वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही.

३. घसा बघा आणि लिहून ठेवा. मला सगळ्यात जड गेली ती हीच पायरी. चमचा जिभेवर मागे दाबला की मूल ओकारी काढतं, रडतं आणि पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही. चमचा नकोच. मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवा, जीभ पूर्ण बाहेर काढायला सांगा आणि लांब ‘आ’ म्हणायला लावा. जीभ खाली जाते, पडजीभ वर उचलली जाते आणि दोन्ही बाजूंचे टॉन्सिल क्षणभर दिसतात. तेवढ्यात मोबाईलच्या टॉर्चमध्ये फोटो घ्या. मूल ठणठणीत असतानाचाही एक फोटो काढून ठेवा. काही मुलांचे टॉन्सिल एरवीही मोठेच असतात, आणि हा फोटो नसेल तर ते दर वेळी सुजल्यासारखेच वाटतात.

मग वहीत लिहा: तारीख, जास्तीत जास्त ताप, टॉन्सिलवर पांढरे डाग, जबड्याखाली दुखऱ्या गाठी. आणि लोक हमखास विसरतात ते दोन प्रश्न: खोकला आहे का? नाक वाहतंय का? खोकला, वाहतं नाक, बसलेला आवाज असेल तर बहुतेक वेळा काम विषाणूचं असतं, आणि त्यावर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग नसतो. लहान मुलांना वर्षाला 6 ते 8 वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे. त्यात घसाही दुखतो. याउलट अचानक चढलेला ताप, गिळताना कळ, गाठी, आणि खोकला-सर्दी काहीच नाही, असं असेल तर स्ट्रेप या जिवाणूचा संशय घ्यायचा. तो प्रामुख्याने 5 ते 15 वर्षांच्या मुलांना गाठतो. 3 वर्षांच्या आत क्वचितच.

नुसत्या पांढऱ्या डागांवरून निदान करू नका, कोणी केलं तर ऐकून घेऊ नका. डाग विषाणूमुळेही पडतात.

४. स्वॅब. संशय असेल तर घशाचा स्वॅब (कापसाच्या काडीने घशातून घेतलेला नमुना) तपासायला मागा, आणि तो अँटिबायोटिक सुरू होण्याआधीच घ्यायला हवा. झटपट चाचणी काही मिनिटांत कळते, कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून बघायला, एक-दोन दिवस लागतात. थांबायला घाबरू नका: स्ट्रेपनंतर हृदयाच्या झडपांवर जाऊ शकणारा संधिवाताचा ताप, आजार सुरू झाल्यापासून 9 दिवसांच्या आत औषध मिळालं तरी टळतो.

इथेही वहीच कामाला येते. काही मुलांच्या घशात स्ट्रेप त्रास न देता नुसता राहत असतो. अशा मुलाला साधी सर्दी झाली तरी स्वॅब पॉझिटिव्ह येतो आणि दर वेळी अँटिबायोटिक पोटात जातं. ‘पॉझिटिव्ह’च्या प्रत्येक नोंदीपुढे खोकला आणि सर्दी लिहिलेली दिसली, तर ती नोंद डॉक्टरांपुढे ठेवा.

५. औषध पूर्ण करा. स्ट्रेपसाठी पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन साधारण 10 दिवस देतात. दोन दिवसांत मूल उड्या मारायला लागतं आणि बाटली मागे पडते. तसं होऊ देऊ नका. संपेपर्यंत द्या, म्हणजे ‘उरलेलं औषध’ घरात राहणारच नाही.

६. टॉन्सिलचा निर्णय. शस्त्रक्रियेचा विचार करण्यासाठी डॉक्टर साधारणपणे हा आकडा बघतात: एका वर्षात 7 वेळा, किंवा सलग दोन वर्षं दर वर्षी 5, किंवा सलग तीन वर्षं दर वर्षी 3. तेही प्रत्येक वेळी घसादुखीसोबत 101 फॅरनहाइटच्या वर ताप, गाठी, टॉन्सिलवर पांढरा थर किंवा पॉझिटिव्ह स्वॅब यांपैकी काहीतरी नोंदलेलं असेल तरच. ‘सारखाच धरतो हो’ ही नोंद नव्हे. आकडा कमी असेल तर वाट बघणंच शहाणपणाचं. बऱ्याच मुलांचा हा त्रास वयाबरोबर आपोआप कमी होतो. आणि टॉन्सिल काढले तरी सर्दीबरोबरची घसादुखी येतच राहते.

वहीतल्या तारखा दर 3 ते 6 आठवड्यांनी ठरल्यासारख्या येत असतील, तोंडही येत असेल आणि स्वॅब निगेटिव्ह असेल, तर जंतुसंसर्गाशी संबंध नसलेला, ठरावीक काळाने उलटणारा ताप असू शकतो. बालरोगतज्ज्ञांना तसं स्पष्ट विचारा.

घोरणं मात्र वेगळं धरा. मूल रोज घोरत असेल, झोपेत मध्येच श्वास थांबून दचकत असेल, तर घसा किती वेळा धरला हे मोजत बसू नका. रात्रीचा व्हिडिओ काढा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.