खाऱ्या वाऱ्यात जुनी फियाट पुन्हा रस्त्यावर आणताना

मालवण, वेंगुर्ला, गुहागर किंवा अलिबागच्या एखाद्या वाडीत मांगरात उभी राहिलेली फियाट ११०० किंवा पद्मिनी बघायला जाल, तेव्हा आधी बोनेट उघडू नका. इंजिन कितीही जाम असलं तरी ते सुटतं, त्याचे सिलिंडर बोअर (कापून मोठे) होतात आणि पुन्हा बांधता येतं. पण या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हीच तिची चासी. समुद्रापासून चार-पाच किलोमीटरच्या आत वीस वर्षं उभी असलेली गाडी वरून चकचकीत आणि खालून चाळणी असू शकते.

म्हणून जमिनीवर चटई टाका आणि टॉर्च, जुना स्क्रूड्रायव्हर, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन खाली शिरा. दाराखालची सिल (पत्र्याची पोकळ पट्टी), पायाखालचा फ्लोअर, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बॉडीला जोडलेले टोकाचे कंस, बॅटरीचा ट्रे, पुढच्या काचेच्या रबराखालची कड, दारांचा तळ आणि डिकीतली स्टेपनीची जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणटणीत आवाज आला तर पत्रा जिवंत आहे, भद्द आवाज आला तर सडलाय. जिथे चुंबक धरत नाही, तिथे पत्रा नाही, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आहे. मग पुढच्या दाराखाली सिलला जॅक लावून चाक उचलेपर्यंत वर घ्या आणि दार उघडून बंद करा. दाराची फट बदलली किंवा दार अडकू लागलं, तर सिलचं हाड गेलं. दोन्ही बाजूंना असं होत असेल, तर ती गाडी सुट्या भागांसाठी घ्या, उभी करण्यासाठी नको.

कागदही त्याच दिवशी बघा. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी अक्षरन् अक्षर जुळवा. जिथे नंबर ठोकलाय तो पत्रा पुढे घासायचा नाही, कापायचा तर नाहीच.

कामाचा क्रम पावसावर

कोकणात कामाचा क्रम मिस्त्री ठरवत नाही, मृग ठरवतो. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की उघडा केलेला पत्रा संध्याकाळपर्यंत तांबूस होतो. तेव्हा गाडी मे महिन्यात सोडवा, पावसाळ्यात छपराखाली इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक उरका, दिवाळीनंतर पत्र्याला हात घाला आणि जानेवारी-फेब्रुवारीत रंग द्या. हे उलटं केलं की जुलैत लावलेल्या प्रायमरखाली गंज अडकतो आणि दुसऱ्या पावसात रंगाला फोड येतात. दोष मात्र बिचाऱ्या पेंटरला मिळतो.

मे: गाडी सोडवणे

प्रत्येक जोडणीचे सोडण्याआधी आणि सोडल्यावर फोटो काढा. नट-बोल्ट झिपच्या पिशव्यांत ठेवा, पण चिठ्ठी कागदाची नको, ती आषाढात लगदा होते. अॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरून ती तारेने बांधा.

फियाटला मिलिमीटरचे पाने लागतात. अॅम्बेसेडर किंवा जुनी विलीज जीप असेल तर इंची पाने हवेत. जवळपास बसतोय म्हणून दुसऱ्या मापाचा पाना लावला, की गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल झालंच म्हणून समजा. अडलेल्या बोल्टला आधी तारेच्या ब्रशने साफ करा, मग ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि अॅसिटोन सम प्रमाणात मिसळून तीन दिवस रोज थेंब सोडा. तरीही हलला नाही, तर नट गॅसने लाल करून थोडा निवू द्या आणि आधी घट्ट, मग सैल अशा झुलत्या हाताने फिरवा. गॅस पेटवण्याआधी पेट्रोलची टाकी, पाइप आणि अॅसिटोनचं मिश्रण दूर न्या. टाकी रिकामी असली तरी आतली वाफ पेट घेते.

जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. चारही बाजूंना घोड्या (लोखंडी स्टँड) लावा आणि त्यांच्याखाली जाड फळी ठेवा. शेणाच्या किंवा मातीच्या जमिनीत घोडीचा पाय रुततो.

जून ते सप्टेंबर: इंजिन

या गाडीचं इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसी. बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. ब्लॉक बिडाचा (कास्ट आयर्नचा), हेड अॅल्युमिनियमचं. ही जोडी चांगली आहे, पण किनाऱ्यावरच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ असतं आणि वर्षानुवर्षं तेच रेडिएटरमध्ये ओतलं गेलेलं असतं. खारं पाणी, बीड आणि अॅल्युमिनियम एकत्र आले की बॅटरीसारखी क्रिया होते आणि त्यात अॅल्युमिनियम झिजतं. म्हणून हेड काढल्यावर पाण्याच्या भोकांच्या कडा बघा. गॅसकेटच्या रेषेपर्यंत खड्डे गेले असतील, तर अॅल्युमिनियम वेल्डिंगने भरून हेड फेसिंग (मशीनवर सपाट) करावं लागेल. नुसतं नवीन गॅसकेट टाकलं तर काही दिवसांतच ते उडेल. हेडवर सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खाली फीलर (फट मोजायची पातळ पानं) घाला. ०.०५ मिमीपेक्षा जाड पान शिरलं तर फेसिंग करून घ्या.

इंजिन जाम असेल तर सेल्फ मारून बघण्याचा मोह टाळा. रिंग गंजाने भिंतीला धरलेली असते, झटका बसला की ती तुटते आणि बोअर ओरबाडते. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून ऑइल-अॅसिटोनचं तेच मिश्रण सुमारे ५० मिली ओता आणि आठवडाभर राहू द्या. मग गाडी टॉप गिअरला टाकून, मागचं एक चाक उचलून ते हाताने पुढे-मागे हलवा. मिलिमीटरभर हललं तरी काम होणार. रोज थोडं थोडं वाढवत न्या.

फिरणाऱ्या इंजिनाचं आधी कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं, दहा टक्क्यांच्या आत हवा. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग-बोअर गेलाय, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट.

बोअर करायचा ठरला तर आधी पिस्टन हातात घ्या, मग ब्लॉक पाठवा. हे उलटं करून फसलेले पुष्कळ आहेत: बोअर एका मापाचा झाला आणि त्या ओव्हरसाइजचा पिस्टनच बाजारात नाही! रत्नागिरीकरांना आंबा घाट चढून कोल्हापूरचं उद्यमनगर सोयीचं पडतं, तिथे बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, फेसिंग सगळं होतं. रायगडवाल्यांना मुंबई जवळ, आणि जुन्या सुट्या भागांसाठी कुर्ला व चोरबाजार धुंडाळता येतो. ब्लॉक परत आल्यावर त्याचे सगळे वेल्च प्लग (भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या टोप्या) बदला, पितळी मिळाले तर तेच घ्या. जुना प्लग बाहेरून धड दिसतो आणि आतून कागद झालेला असतो.

यापुढे रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, निम्मं-निम्मं. विहिरीचं पाणी वाटेत अडल्यावरच.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको. चारही चाकांना ड्रम आहेत. व्हील सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर नखाला लागणारा खड्डा असेल तर नुसतं रबरी किट बदलून भागत नाही, महिन्याभरात पुन्हा गळती लागते. सिलिंडरच बदला किंवा त्यात स्टीलचं स्लीव्ह बसवून घ्या. लोखंडी पाइप खाऱ्या हवेत बाहेरून कुजतात. त्यांच्या जागी तांबे-निकेल मिश्रधातूचे पाइप घाला. साधा तांब्याचा पाइप नको, तो कंपनाने चिरतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे इथे ते दर वर्षी बदलायचं.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने मऊ पडतो, म्हणून इथेनॉल सहन करणारे घाला. टाकीतला जुना गाळही ते सोडवतं, त्यामुळे पहिले काही महिने काचेचा फिल्टर लावून ठेवा.

दिवाळीनंतर: पत्रा

पहिलं काम घासायचं नाही, धुवायचं. मीठ पत्र्यावर असताना ग्राइंडर फिरवला तर ते गंजाच्या खड्ड्यांत दाबलं जातं. नळाच्या गोड्या पाण्याने, जोराच्या फवाऱ्याने खालून-वरून दोन-तीनदा धुवा, पोकळ सिलच्या आतही नळी घाला आणि कडक उन्हात वाळवा. मग एक छोटा तुकडा चकचकीत घासून रात्रभर ठेवा. सकाळी काळे ठिपके दिसले तर खड्ड्यांत अजून मीठ आहे, पुन्हा धुवा.

सँडब्लास्टिंग करून घेणार असाल तर वाळू कुठली हे विचारा. किनाऱ्यावरच्या वाळूत मीठ असतं आणि कुठल्याही वाळूच्या धुरळ्याने फुप्फुसं कायमची निकामी होतात. गार्नेट किंवा स्टीलची कणी मागा. पत्र्याच्या मोठ्या सपाट भागावर, बोनेट-छपरावर, ब्लास्टिंग नकोच. पत्रा लाटा मारतो.

कंस, बिजागऱ्या, पाट्यांचे शॅकल असे सुटे भाग घरीच साफ होतात. प्लास्टिकच्या पिंपात दर चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घाला. १२ व्होल्टच्या चार्जरची निगेटिव्ह तार भागाला, पॉझिटिव्ह तार टाकाऊ लोखंडी पट्टीला. दोघांचा स्पर्श होऊ देऊ नका. रात्रभरात गंजाचा चिखल सुटतो. पट्टी स्टेनलेसची चालत नाही, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन सुटतो म्हणून हे अंगणात करा, स्वयंपाकघराशेजारी नको. स्प्रिंगा आणि पाटे यात बुडवू नका, पोलाद ठिसूळ होतं.

सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत २५ मिमीचा अँगल तिरपा वेल्ड करा. गाडी घोड्यांवर असेल तर तिचं वजन चाकांच्या जोडणीपाशी पेला, मध्ये नको. एका वेळी एकच बाजू कापा. दोन्ही एकदम कापल्या तर बॉडी मधोमध बसते आणि मग दारं कधीच जुळत नाहीत. नवीन पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) घ्या, फ्लोअरला २० गेज, सिलला १८ गेज. जुन्यावर नवा चढवून वेल्ड करायची मिस्त्रींची सवय असते, कारण ते पटकन होतं. दोन पत्र्यांच्या त्या सापटीत पाणी मुरतं आणि तीन पावसांत दोन्ही जातात. कड सरळ कापून टोकाला टोक जोडा. सीओटू वेल्डिंगने आधी दोन-तीन सेंटिमीटरवर ठिपके घाला, एकामागे एक नव्हे, लांब-लांब उड्या मारत, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. सिलच्या तळाची निचऱ्याची भोकं बुजवू नका.

साफ झालेल्या पत्र्यावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमरचे दोन हात मारा. लांबी त्याच्यावर, उघड्या पत्र्यावर नाही, आणि ती २-३ मिमीपेक्षा जाड नको. लांबी पाणी पिते, म्हणून तिला कोरडाच पॉलिश कागद मारा, पाणी लावून घासायचा कागद पुढच्या थरांसाठी राखा. सगळ्या सांध्यांत सीलंट भरा.

रंग

साधा हायग्रोमीटर घ्या. दमटपणा ८५ टक्क्यांवर असेल तर गन उचलू नका. किनाऱ्यावर पहाटेचं दव सुकायला दहा वाजतात आणि संध्याकाळी हवा पुन्हा ओली होते. मधल्या वेळेतच काम करा. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी दर तासाला सोडा, नाहीतर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पूर्ण गाडीला साधारण ३ ते ४ लिटर रंग लागतो. हार्डनरचा टू-के (दोन घटकांचा) रंग असेल तर त्यातलं आयसोसायनेट दम्याला निमंत्रण देतं. रुमाल बांधून भागत नाही, योग्य मास्क हवा.

रंगलेली गाडी आंब्याखाली ठेवू नका. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा गळतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. माडाखाली का नको, हे कोकणात सांगायला नको.

रंग पूर्ण पक्का झाला की सिल, दारं, खांब अशा प्रत्येक पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स फवारा, निचऱ्याच्या भोकांतून थेंब येईपर्यंत. खालून डांबरासारखा काळा थर देण्यापेक्षा वॅक्स चांगलं. डांबर कडक होऊन चिरतं आणि गंज त्याच्या आड वाढतो.

नोंदणी

२०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची तरतूद आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, बॉडी-इंजिनात मोठे फेरफार नसलेली खासगी दुचाकी-चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, प्रमाणपत्र १० वर्षांचं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. मग गाडी रॅली, प्रदर्शन, देखभाल, इंधन भरणं अशा कामांसाठीच बाहेर काढता येते. रोज बाजारात न्यायची असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवून आरटीओत नूतनीकरण करा. डिस्क ब्रेक, दुसरं इंजिन असल्या सुधारणा मनात असतील तर त्या करण्याआधी हा निर्णय घ्या, नंतर नाही.

पुढची देखभाल

प्लास्टिकची ताडपत्री गाडीवर टाकू नका, आत घाम धरतो. सुती कव्हर आणि वाहती हवा हवी. पंधरा दिवसांतून एकदा वीसेक किलोमीटर चालवा, नुसतं जागेवर चालू केलं तर सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. चौपाटीवर नेली तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. अर्थिंगच्या जोडण्यांना व्हॅसलिन लावा. बोनेटखाली उंदरांनी भाताच्या काडीचं घर केलंय का, ते सेल्फ मारण्याआधी बघा. आणि दर मे महिन्यात, घर शाकारताना, सिलमध्ये पुन्हा एकदा वॅक्स मारा.