देवगिरी चढायचा की नाही?

छत्रपती संभाजीनगरात एकच दिवस असेल आणि वेरूळही करायचं असेल, तर देवगिरीच्या (दौलताबादच्या) माथ्याचा हट्ट धरू नका. वाटेतच आहे, तेव्हा चाँदमिनार, मेंढा तोफ आणि खंदक बघून निघा. उभा तासलेला कातळ खालूनच जास्त धडकी भरवतो.

मंगळवारी मात्र वेरूळची लेणी बंद. तो दिवस बिनधास्त किल्ल्याला द्या, सकाळी लवकर चढा. चढताना लागणाऱ्या अंधाऱ्या भुयारी वाटेत वटवाघळांचा उग्र वास येतो, पायऱ्या ओबडधोबड, टॉर्च हवाच. गुडघे कुरकुरणाऱ्यांना खंदकापाशी सावलीत बसवा. माथ्याजवळच्या बारादरी महालापर्यंत त्यांना ओढत नेऊ नका, आणि एप्रिल-मेच्या दुपारी तर तुम्हीही जाऊ नका!