स्टेकसोबत रेड वाइन: सालाआधी साल बघा, आणि या चुका टाळा

नाशिकच्या गंगापूर रोडवर चार मित्र स्टेक खायला बसले की एक जण मेनू उघडायच्या आत बाटली फिरवून साल, म्हणजे द्राक्षं तोडल्याचं वर्ष, बघतो. "२०१० आहे रे, भारीच असणार!" फ्रान्समधल्या बोर्दोचं २०१० भारी होतंच, स्पेनमधल्या रिओहाचंही. पण ते साल त्या गावच्या त्या हंगामातल्या हवेचं प्रगतिपुस्तक आहे, सगळ्या जगाचं नव्हे. २०१३ बोर्दोत गारठ्यात नि पावसात गेलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या नापाचा हंगाम झकास झाला.

आपल्याकडे तर वेळापत्रकच वेगळं. एप्रिलात खरड छाटणी (वेल नव्याने फुटावा म्हणून), पावसाळा सरताना फळछाटणी (घड यावेत म्हणून), जानेवारी ते मार्च तोडणी. बोर्दोत घड उतरतात सप्टेंबर-ऑक्टोबरात. दोन्ही बाटल्यांवर २०२२ असलं तरी नाशिकची सहा-आठ महिन्यांनी थोरली. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या अवकाळीने बागांचं काय केलं, ते दिंडोरी-निफाडात कुणालाही विचारा. पाऊस २०१९चा, पण त्या घडांच्या वाइनवर साल येतं २०२०. नाशिकच्या बाटलीवरचं साल वाचताना त्याआधीची दिवाळी कशी गेली ते आठवायचं.

आता दुसरी साल, द्राक्षाची. तोंड तुरट करणारं टॅनिन येतं सालीतून आणि बियांतून. कॅबर्ने सोव्हिन्योंची साल जाड, मणी लहान, म्हणून टॅनिन दणकून. मांसातली प्रथिनं आणि चरबी या तुरटपणाला आवरतात. स्टेक-कॅबर्नेची सोयरीक जमली ती त्यामुळे.

पण हा सल्ला आला तो चरबीच्या रेघा असलेल्या रिबआयच्या, म्हणजे बरगडीजवळच्या गोमांसाच्या, मुलखातून. महाराष्ट्रात २०१५पासून बैलाच्या मांसावरही बंदी आहे, त्यामुळे इथे ताटात येणारा स्टेक बहुधा म्हशीचा, त्यातही टेंडरलॉइन, म्हणजे कमरेजवळचा मऊ तुकडा. त्यात चरबी बेताचीच. वर तो 'वेल डन' मागवला, म्हणजे रसही गेला. अशा कोरड्या तुकड्याबरोबर तरणी, दणकट कॅबर्ने घेतली की जिभेला कच्चं केळं चावल्यासारखं वाटतं. दोष वाइनचा नसतो. मीडियम मागवा, वर लसणाचं लोणी घ्या, नाहीतर मेर्लो किंवा टेम्प्रानियो या मवाळ द्राक्षांच्या वाइनकडे वळा. लॅम्ब चॉप्स असतील तर मात्र कॅबर्ने बिनधास्त उघडा.

मी स्वतः केलेली चूक महागाची होती. दहा वर्षं जुनी रिओहा, चांगल्या सालाची, मोठ्या कौतुकाने नेली आणि मिऱ्याच्या सॉसमध्ये न्हालेल्या स्टेकसोबत उघडली. वयाबरोबर टॅनिन मवाळ होतं, फळाचा ताजेपणा सरतो, मागे उरतो सुक्या अंजिरासारखा, चामड्यासारखा हळवा वास. मिऱ्यापुढे तो कुठला टिकायला! त्यात शहाणपणा म्हणून ती आधी दोन तास डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा देणाऱ्या काचेच्या सुरईत, ओतून ठेवली होती. जेवण येईपर्यंत वाइन पार उतरली. जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, गाळ तळाशी बसू द्यावा आणि जेवायच्या वेळी अलगद ओतावी. तासभर हवा खायला घालायची ती तरण्या, तुरट वाइनला. जुन्या बाटलीसोबत साधा स्टेक, मीठ, लोणी, फार तर मशरूम. मिऱ्याच्या सॉसला नाशिकची तरणी शिराज पुरे. तिच्यातच मिऱ्याची झाक असते.

तिखटाचं दुखणं आणखी वेगळं. पेरी-पेरी किंवा 'देसी मसाला' स्टेक मागवला की टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही जास्त झोंबतात. तिथे हलकी, फळांच्या चवीची, कमी टॅनिनची वाइन किंचित गार करून घ्या. (काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर भारी कॅबर्ने उघडणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.)

'रेड वाइन रूम टेम्परेचरला' हे वाक्य युरोपातल्या गार घरांतलं. त्याचा अर्थ १६ ते १८ अंश. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये ३८ अंशांच्या खोलीतून आलेली बाटली नुसती अल्कोहोलचा भपका मारते. लाजू नका, बर्फ आणि पाणी घातलेली बादली मागवा, दहा-पंधरा मिनिटं बाटली बुडवा. वेटर चमकून बघेल, बघू दे.

एवढं करूनही पहिला घोट तुरटच लागला, तर स्टेकच्या कापलेल्या बाजूवर चिमूटभर मीठ भुरभुरा, एक घास खा आणि मग पुन्हा घोट घ्या. मिठाने तुरटपणा तिथल्या तिथे नरमतो. बाटली बदलायची वेळ सहसा येत नाही.