छोट्या क्लबातला पंक गिग: कान, बूट आणि पिट

पंक म्हणजे वेगवान, कर्कश रॉक आणि गिग म्हणजे त्याचा लाइव्ह कार्यक्रम. पंकचं गाणं बहुधा दीड-दोन मिनिटांत संपतं आणि अख्खा सेट, म्हणजे एका बँडचं सलग वादन, अर्ध्या-पाऊण तासात. रमोन्स हा अमेरिकन पंक बँड. ते १९७४ साली न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबात वाजवायला लागले, तेव्हा त्यांचा सेट वीस मिनिटांच्या आतच आटपायचा. त्यामुळे ‘नऊचा शो, दहापर्यंत पोचू’ हा हिशेब इथे चालत नाही. कोणता बँड किती वाजता चढणार हे आधी विचारून घ्या आणि पहिल्या बँडपासून हजर राहा. सोबत ओळखपत्र हवंच: महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे दारावर वय तपासतात.

पायात बंद, घट्ट बूट घाला आणि नाडीला दुहेरी गाठ मारा. चप्पल, लोंबती कानातली, टोकदार खिळ्यांचे पट्टे घरीच ठेवा. सॅक नको, फोन चेनच्या खिशात. चष्मा असेल तर मागे दोरी लावा.

कानांची काळजी सर्वांत महत्त्वाची. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसतो, पण दर ३ डेसिबलमागे ती वेळ निम्मी होते; म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. मुंबईत रायट पेडलर्स, डेथ बाय फंगाय असे बँड ज्या आकाराच्या खोल्यांत वाजवत आले, तिथे ड्रम जवळजवळ तुमच्या अंगावरच असतात. फोमचे इअरप्लग केमिस्टकडे मिळतात. प्लग बोटांनी बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. नुसता टेकवलेला प्लग फारसं काही अडवत नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं आणि मग ते ‘प्लगचा उपयोग नाही’ म्हणतात.

अगदी पुढे उभं राहिलात तर गायकाचे शब्द ऐकू येणार नाहीत. गिटार आणि ड्रमचा आवाज थेट स्टेजवरून येतो, गायकाचा मात्र बाजूच्या स्पीकरमधून, आणि ते स्पीकर तुमच्या डोक्यावरून मागे तोंड करून असतात. शब्द हवे असतील तर साउंडवाल्याच्या टेबलाजवळ उभे राहा. अंगात जोर भरायचा असेल तर मात्र पुढेच जा.

पिट म्हणजे स्टेजसमोरची जागा, जिथे लोक एकमेकांना ढकलत नाचतात. तिथे धक्का खांद्याने किंवा उघड्या तळव्याने द्यायचा. कोपर आणि मुठी आवरायच्या. हात छातीसमोर, गुडघे किंचित वाकवलेले. सगळे गोल धावत असतील तर त्याच दिशेने धावा. उलटं गेलं की टक्कर होते. कुणी पडलं तर दोघांनी हात पसरून गर्दी अडवायची आणि तिसऱ्याने काखेत धरून उचलायचं. हे ताबडतोब करायचं, गाणं संपायची वाट बघायची नाही. कडेला उभ्या असलेल्याला आत ओढू नका. त्याला यायचं असेल तर तो येईल. कुणी अंगचटीला जात असेल तर मित्रांनी मध्ये उभं राहावं आणि बाउन्सरला बोलवावं. फुगाझी हा अमेरिकन बँड तर असा की मारामारी दिसली की ते गाणं थांबवून समज द्यायचे, आणि तरीही त्यांच्या शोमधली धग कमी व्हायची नाही.

आत शिरण्याआधीच भेटायची जागा ठरवा, बारचा उजवा कोपरा वगैरे. आत फोनची रिंग ऐकू येत नाही. दोन बँडच्या मधल्या वेळात पाणी प्या. टी-शर्ट किंवा कॅसेट घ्यायची असेल तर थोडी रोकड ठेवा; छोट्या बँडला तिकिटापेक्षा त्यातून जास्त सुटतं. मुंबईत परतीची शेवटची लोकल आधीच बघून ठेवा. कान दुसऱ्या दिवशीही गुणगुणत राहिले तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर हेडफोन बाजूला ठेवा.