मॅग्नेशिअम क्लोराइडचे सूत्र कसे ठरवावे

प्रथम दोन्ही मूलद्रव्यांचे इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत ते, लिहावे: मॅग्नेशिअमचे २, ८, २ आणि क्लोरीनचे २, ८, ७. मॅग्नेशिअमने बाह्यतम कवचातील २ इलेक्ट्रॉन गमावले, की केंद्रकातील १२ प्रोटॉनांसमोर १० च इलेक्ट्रॉन उरतात आणि +२ प्रभाराचा धन आयन (प्रभारित अणू) तयार होतो. विद्यार्थी चुकतात ते नेमके इथेच, कारण अधिक चिन्ह पाहून अणूला काहीतरी मिळाले असे त्यांना वाटते. क्लोरीनचा अणू १ इलेक्ट्रॉन स्वीकारून −१ प्रभाराचा ऋण आयन होतो. म्हणून एका मॅग्नेशिअम आयनामागे दोन क्लोराइड आयन घ्यावेत, म्हणजे एकूण प्रभार शून्य होतो आणि सूत्र MgCl₂ मिळते. मिठागरात मीठ काढून घेतल्यावर उरणाऱ्या कडवट पाण्यात हेच आयन विरघळलेले असतात.