सेंटरबोर्डची पेटी गळतेय? या चुका टाळा

होडी काठाला लावली आणि आत घोटाभर पाणी दिसलं, की बहुतेकांचा हात आधी सिलिकॉनच्या ट्यूबकडे जातो. आमच्या जुन्या लाकडी एंटरप्राइजच्या बाबतीत मीही तेच केलं. थेंब दिसला तिथे सिलिकॉन फासलं. दोन आठवड्यांत पाणी पुन्हा आत. सेंटरबोर्डची पेटी, म्हणजे पाण्यात उतरणारी फळी ज्यात बसते तो होडीच्या तळातल्या फटीवरचा उभा कप्पा, पायथ्याशी गळत होती हे खरं, पण बिघाड वर होता, आडव्या बाकाच्या सैल झालेल्या स्क्रूंमध्ये.

एंटरप्राइज म्हणजे जॅक होल्ट यांनी आखलेली, १९५६ पासून चालत आलेली, निळ्या शिडांची चार मीटरची होडी. वारा शिडाला बाजूला ढकलतो, पाण्यातली सेंटरबोर्डची फळी त्याला अडवते आणि हा सगळा रेटा पेटीवर येतो. पेटी अरुंद आणि उंच. तिचा माथा बाकाने घट्ट धरला नसेल, तर वाऱ्याच्या प्रत्येक झोताला ती डावी-उजवीकडे डुलते आणि पायथ्याचा सांधा उघडत जातो. म्हणून गळती शोधण्याआधी पेटीचा माथा दोन्ही हातांनी धरून हलवून बघा. सूतभर जरी हलली, तरी आधी बाक पक्का करा. स्क्रूची भोकं ढिली झाली असतील तर ती मोठी करून त्यात लाकडी गुल्ली इपॉक्सीने, म्हणजे रेझिन आणि हार्डनर (घट्ट करणारा भाग) कालवून होणाऱ्या चिकट द्रवाने बसवा आणि नव्याने भोक पाडा. हे राहिलं तर खालचं सगळं काम पुढच्या जोराच्या वाऱ्यात तडकणार.

दुसरी चूक, पाणी जिथे दिसतं तिथेच ते शिरतं असं धरून चालणं. होडी स्टँडवर सरळ ठेवा, आतून कोरडी पुसा, तळातली फट बाहेरून रुंद चिकटपट्टीने बंद करा. पेटीच्या सांध्यांवर होडीच्या आतल्या बाजूने खडू घासा आणि मग पेटीत वरून पाणी ओता. एकदम काठोकाठ भरू नका. फळी ज्याभोवती फिरते त्या बोल्टच्या खालीपर्यंत आधी भरा, पंधरा मिनिटं थांबा. खडू ओला झाला तर दोष पायथ्याच्या सांध्यात. तिथे कोरडं राहिलं आणि बोल्टच्या वर पाणी चढवल्यावर ओल आली, तर बोल्टपाशी किंवा त्याच्या वरच्या भागात बघा.

बोल्ट गळतोय म्हणून पाना घेऊन तो आवळत सुटू नका. पेटीच्या भिंती आत ओढल्या जातात, फळी अडकते आणि रबरी वॉशर चेपून फाटतो. वॉशर बदला, बोल्ट काढून तपासा. स्टेनलेस आहे म्हणून निर्धास्त राहणंही चुकीचं. ओल्या लाकडात, जिथे हवा पोचत नाही तिथे, स्टेनलेसलाही खड्डे पडतात, आणि ते बाहेरून दिसत नाहीत. वर्षातून एकदा बोल्ट बाहेर काढाच.

सांधा दुरुस्त करताना सर्वांत जास्त नुकसान घाईने होतं. जुनं सिलिकॉन राहिलं असेल तर त्यावर इपॉक्सी धरत नाही, आणि थेट पॉलिश पेपर मारला तर ते लाकडात आणखी पसरतं. आधी पटाशीने खरवडून काढा, मगच घासा. प्लाय काळं पडलं असेल तर टोच्याने दाबून बघा. टोच्या सहज रुतला तर तो तुकडा बदलावा लागेल. लाकूड ओलं असताना काहीही लावू नका. पावसाळ्यात हे काम काढूच नये असं माझं ठाम मत आहे.

फायबरच्या कामाची सवय असलेले लोक इथे फसतात. पॉलिस्टर रेझिनमध्ये हार्डनर थोडा कमी-जास्त चालतो, इपॉक्सीत चालत नाही. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवलात तर ते कायमचं कच्चं राहील. डब्यावरचं प्रमाण वजनकाट्यावर मोजा. आपल्याकडच्या उन्हात खोल कपात कालवलेलं इपॉक्सी तापून हातातच घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं कालवा आणि पसरट ताटलीत ओता. आधी पातळ हात मारा, मग घट्ट केलेलं इपॉक्सी कोपऱ्यात भरून अंगठ्याएवढी गोलाई द्या आणि ते ओलं असतानाच वरून काचकापडाची पट्टी बसवा. वाळल्यावर वर मेणचट थर जाणवला तर पाण्याने घासून धुवा, नाहीतर रंग सुटेल.

फळी अडकली तर वरून पाय देऊ नका, हातोडा तर नाहीच. बहुतेक वेळा वाळूतला खडा किंवा शिंपला अडकलेला असतो. होडी कुशीवर टेकवून खालून पातळ पट्टीने तो काढा.

पाऊस लागण्याआधी फळी आणि बोल्ट काढा, पेटी धुऊन पूर्ण वाळवा, होडी पालथी घालून खाली विटा द्या. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पेटीच्या कोपऱ्यात साचलेलं पावसाचं गोडं पाणी लाकूड लवकर कुजवतं.